शेपटीवरची खुर्ची

त्याच्या हातून चूक झाली आणि काहीच झालं नाही. पुढून दादा वॉकीटॉकीवर ‘उजवं’ म्हणाला होता, यानेही बटण दाबून ‘घेतलं’ असं सांगितलं होतं, आणि नेमकी तेव्हाच डाव्या कोपऱ्यावरच्या इमारतीतली एक चिमुरडी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून त्याला हात करायला लागली. नुकतीच झोपेतून उठलेली, केस पिंजारलेले, ओठांभोवती दुधाची मिशी. गॅलरीच्या गजांतून तिने हात कोपरापर्यंत बाहेर काढला होता. त्याचा उजवा हात आपोआप वर गेला. लहान मुलाने हात केला की आपणही करायचा, त्यात विचार तो काय करायचा? पण डावा हात स्टिअरिंगवर एकटा राहिला आणि स्वतःच्याच वजनाने खाली ओढला गेला. स्टिअरिंग डावीकडे फिरलं. थोडंथोडकं नाही, चांगलं अर्ध्या फेऱ्यापर्यंत फिरलं. आणि स्टिअरिंग डावीकडे फिरलं म्हणजे या एवढ्या लांब ट्रेलरची शेपूट डावीकडे जाणार, शेपूट डावीकडे गेली म्हणजे वर निजवलेल्या लोखंडी मनोऱ्याचं मागचं टोक त्या गॅलरीत शिरणार, हे सगळं त्याला एकदम, एका श्वासात दिसलं. गज वाकताना दिसले, दोरीवरचा टॉवेल खाली येताना दिसला, त्या हाताचं काय होणार तेही दिसलं. त्याने डोळे मिटले. ओरडायलाही जमलं नाही. मग डोळे उघडले तर मुलगी तिथेच होती, हात हलवत होती, आणि शेपूट हळूहळू, अगदी व्यवस्थित, उजवीकडे सरकत होती. जशी सरकायला हवी होती तशी.

आधी त्याला हुश्श वाटलं. माणूस आहे, वाटणारच. अंगाला दरदरून घाम फुटला, आणि कोणत्या देवाने वाचवलं असं मनात येईपर्यंत त्याची नजर हातातल्या स्टिअरिंगवर गेली. ते अजून डावीकडेच होतं. देवाला एवढा वेळ कुठला, असं मग त्याला वाटलं.

दोघे भाऊ अवजड माल वाहणाऱ्या कंपनीत. साध्या ट्रकवर चढत नाही, पुलाखालून जात नाही, वळणावर मावत नाही, असला माल. कारखान्यांचे बॉयलर, वीजघरांचे ट्रान्सफॉर्मर, आज हा तेलकारखान्याचा मनोरा. मालाला ही मंडळी ‘पाहुणा’ म्हणत. पाहुणा कधी येतोय, पाहुण्याला कुठे उतरवायचंय, पाहुणा जरा अंगाने जास्त आहे. दादा सगळ्यात पुढे, ओढणाऱ्या ट्रकमध्ये. हा सगळ्यात मागे, ट्रेलरच्या शेपटीवर वेल्डिंग केलेल्या एका लोखंडी खुर्चीत. मागच्या चाकांना वेगळं स्टिअरिंग असतं आणि ते मागच्या माणसाच्या हातात असतं. मागच्याला पुढचं काहीही दिसत नाही. डोळ्यांसमोर पाहुण्याचा गोल, रंग दिलेला, प्रचंड बूड, दिवसभर तेवढंच. पुढचा सांगेल ते ऐकायचं, स्टिअरिंग फिरवायचं आणि ‘घेतलं’ म्हणायचं. ‘घेतलं’ ऐकू आल्याशिवाय पुढच्याने वीतभरही पुढे जायचं नाही, हा या धंद्यातला नियम. कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याबरोबर कुणी दुसऱ्यांदा काम करत नाही. कंपनीतले लोक या दोघांना तोंड आणि शेपूट म्हणायचे. वहिनी तर पाहुण्यांसमोर, म्हणजे खऱ्याखुऱ्या पाहुण्यांसमोर, हसून सांगायची, “आमच्याकडे तोंड घरी कधी बोलत नाही आणि शेपूट कधी गप्प बसत नाही.” यावर सगळ्यात मोठ्याने तोच हसायचा. त्याला शेपटीवाला म्हटलेलं कधी झोंबलं नव्हतं. तोंड कुठेही वळेल, शेपूट अडकली की सगळंच अडकलं, असं तो म्हणे, आणि ते खोटंही नव्हतं.

“अजून उजवं,” वॉकीटॉकीतून दादा म्हणाला. आवाज नेहमीचा, जरासा घोगरा, घाई नसलेला. त्या आवाजावर त्याने जन्म काढला होता. लहानपणी घर बदललं तेव्हा लाकडी कपाट दोघांनीच जिन्यावरून चढवलं होतं, वडील आजारी म्हणून. दादा वर, पाठ करून चढणारा; हा खाली, छातीवर कपाट घेतलेला, नाकाला वार्निशचा वास आणि डोळ्यांसमोर फक्त लाकूड. “घेतलंस का?” दादा विचारायचा. “घेतलं.” मग एक पायरी. पुन्हा “घेतलंस का?” जिन्याच्या वळणावर त्याची बोटं चेमटली, रक्त आलं, पण त्याने हात सोडला नाही, कारण हात सोडला तर कपाट खाली आपल्यावर येईल याची भीती नव्हती, दादाला वाटेल की आपण सोडलं, याची होती. वर गेल्यावर दादाने त्याची बोटं स्वतःच्या तोंडात धरली होती. दोघांनी मिळून जड वस्तू उचलली की एक गोष्ट कळते: दुसऱ्याने हात ढिला केला की ते आपल्या हाताला आधी समजतं, डोळ्यांना नंतर. त्याची यावर श्रद्धाच होती म्हणा ना. वडील गेल्यावर दादाने शाळा सोडली, याला शिकवायला बघितलं, हा शिकला नाही, तेव्हा दादानेच साहेबांच्या हातापाया पडून याला शेपटीवर बसवलं. “मागे माझा भाऊ असेल तर मी आरशात बघणार नाही,” असं दादा तेव्हा म्हणाला होता. चारचौघांत म्हणाला होता. ते वाक्य त्याने पुढे बायकोला लग्नानंतर पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, दुसऱ्यांदाही सांगितलं होतं, आणि अजूनही कधीमधी सांगायचा.

“अजून उजवं. ऐकतोयस ना?”

“घेतलं,” तो म्हणाला, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. आपण हे काय करतोय असं त्याला वाटलं. खाली, खुर्चीच्या डाव्या बाजूला, शेवटच्या ओळीतली चाकं त्याला दिसत होती. चाकं उजवीकडे वळली. रबर डांबरावर चरचरलं. मग त्याने स्टिअरिंग मुद्दाम डावीकडे फिरवलं, पार फिरेल तिथवर. चाकं उजवीकडेच. मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, खुळ्यासारखं. लहान मुलं घरात उभ्या असलेल्या सायकलचं हॅण्डल फिरवतात आणि तोंडाने घुर्र करतात, तसं आपण किती दिवस करतोय? त्याने मान काढून डावीकडे खाली पाहिलं. बऱ्याच चाकांपलीकडे, ट्रेलरच्या अंगाअंगाने, जावईबापू चालत होते. दादाचे जावई, त्याच्या लाडक्या पुतणीचा नवरा, कंपनीतच फिटर. पाठमोरे, पिवळं चकाकतं जाकीट, गळ्यात पट्ट्याने अडकवलेली ती काळी पेटी. दादाचा आवाज आला की जावईबापूंची कोपरं किंचित हलत, आणि कोपरं हलली की चाकं वळत. आधी आवाज, मग कोपर, मग चाक. मध्ये याची जागाच नव्हती.

पेटी काही लपवलेली नव्हती, हे तर आणखी वाईट. मागे ट्रेलर दुरुस्तीला वर्कशॉपमध्ये गेला होता तेव्हापासून जावईबापू ती पेटी घेऊन चालत होते. तेलाचा दाब दाखवते, असं दादाने सांगितलं होतं. यानेच थट्टा केली होती, “जावईबापू, गळ्यात पेटी अडकवलीय, आता एखादं गाणं होऊन जाऊ द्या.” सगळे हसले होते, आणि आता त्याच्या लक्षात आलं, की जरा जास्तच हसले होते. जावईबापू तेवढे खाली बघत राहिले होते. त्याला तो सासऱ्यासमोरचा संकोच वाटला होता. आणि वर्कशॉपमधून आल्यावर स्टिअरिंग इतकं हलकं झालं होतं, इतकं हलकं, की तो जेवताना सांगत सुटला होता, लोण्यासारखं फिरतंय म्हणून, नवे पाइप टाकल्याचा परिणाम, आता काही खांदे दुखायचे नाहीत. वहिनी तेव्हा काहीतरी घासायला म्हणून मोरीकडे गेली होती. पुतणी त्याच्या ताटात भात वाढत राहिली होती, तो नको म्हणत असताना. आणि तो नदीवरचा जुना पूल! दोन्ही कठड्यांना बोटभर जागा नव्हती. पलीकडे पोचल्यावर दादा ट्रक थांबवून चालत मागे आला होता, त्याच्या पाठीत जोराची थाप मारली होती, “शाबास रे गड्या, तुझ्यासारखा तूच!” आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुलाची गोष्ट त्याने शेजारच्यांना सांगितली, न्हाव्याला सांगितली, सासुरवाडीला फोन करून सांगितली. हातांनी हवेत स्टिअरिंग धरून दाखवलं. बायको शेजारी बसून ऐकत होती आणि त्याच्या हातांकडे बघत होती. किती कौतुकाने बघते, असं त्याला वाटलं होतं.

बायको. तिथे तो अडला. लग्न झाल्यापासून तो पाहुणा पोचवायला निघाला की तिचा डोळ्याला डोळा लागायचा नाही. परत आला की आधी वळणं किती होती ते विचारायची, मग तोंड धुवा म्हणायची. आणि गेले काही महिने ती शांत झोपत होती. तो यायचा तेव्हा कूस बदलायची आणि म्हणायची, आलात? डबा घासायला टाका. इतक्या वर्षांनी एकदाचा विश्वास बसला बाईचा, असं त्याने मनात म्हटलं होतं आणि उशीवर डोकं टेकताना त्याला स्वतःबद्दल बरं वाटलं होतं. आता खुर्चीत बसल्या बसल्या त्याला तिची ती गाढ झोप आठवली, तोंड जरासं उघडं, एक हात गालाखाली, आणि ती झोप त्याला एखाद्या परक्या पुरुषासारखी वाटली, घरात येऊन राहिलेल्या, त्याच्या पाठीमागे. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. रक्त नाही, दुखत नाही, माणूस हसतखेळत जेवतो, झोपतो, पुलाच्या गोष्टी सांगतो, आणि गळा आधीच कापलेला असतो. कोणाकोणाला माहीत होतं? चहावाल्याला? पुढे मोटारसायकलवर लाल झेंडी घेऊन जाणाऱ्याला? न्हाव्यालासुद्धा असेल. कंपनीतल्या लोकांनी पैज लावली असेल, शेपटीला कधी कळतंय याची. त्याला एकदम आठवलं की परवा एकाने विचारलं होतं, “काय, काल खूप फिरवलं का स्टिअरिंग?” आणि यानेही छाती काढून, खूप, म्हणून सांगितलं होतं.

“धर,” दादा म्हणाला, म्हणजे स्टिअरिंग आहे तिथेच ठेव.

त्याने बटणावर अंगठा ठेवला आणि दाबला नाही.

“धर. धरलंस का?”

समोर पाहुण्याचं बूड होतं, त्यावर रंगाचा एक ओघळ वाळून घट्ट झालेला. तो ओघळाकडे बघत राहिला. आता बघू, त्याला वाटलं. तोंडातून शब्द काढायचा नाही. पेटी चाकं वळवते, पण ‘धरलं’ तर पेटी म्हणत नाही ना? पुढे कुठेतरी, कोपऱ्यापलीकडे, ब्रेकची हवा सुटल्याचा मोठा सुस्कारा ऐकू आला. ट्रेलर थांबला. मग मागचा, ढकलणारा ट्रक थांबला, मग त्याच्या मागची पोलिसांची गाडी. सुट्टीची सकाळ, रस्ता मुद्दाम मोकळा ठेवलेला, त्यामुळे एवढं सगळं थांबल्यावर रस्त्यावर चमत्कारिक शांतता झाली. कुठल्यातरी खिडकीतून रेडिओवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. “अरे, धरलंस का? ऐकू येतंय का? बोल की!” दादाचा आवाज चढला, मग एकदम खाली आला, “बरा आहेस ना रे?” त्या शेवटच्या प्रश्नावर त्याला रडू यायला लागलं, म्हणून त्याने वॉकीटॉकीचा आवाज बंद केला. त्याच्या गप्प बसण्याने सगळा लवाजमा अडला होता, एवढी एक गोष्ट अजून खरी होती. त्याने तिला घट्ट धरून ठेवलं. जावईबापूंनी मागे वळून पाहिलं. दोघांची नजरानजर झाली, आणि जावईबापूंनी, काहीच कारण नसताना, पेटीवर हात ठेवला. पाटीवर नको ते लिहिलेलं पोर मास्तर आल्यावर त्यावर ठेवतं तसा.

दादा पायीच आला. लांबूनच त्याची चाल दिसत होती, जरा फेंगडी, आयुष्यभर क्लच दाबलेल्या माणसाची. खुर्चीखाली येऊन त्याने वर पाहिलं. दादा म्हातारा दिसत होता.

“काय झालं? वॉकीटॉकी बिघडला का?”

“नाही. स्टिअरिंग बिघडलंय.”

“स्टिअरिंगला काय धाड भरलीय?”

“लोण्यासारखं फिरतंय,” तो म्हणाला. “दादा, मी काय कुक्कुलं बाळ आहे का रे?”

दादाने जावईबापूंकडे पाहिलं. जावईबापू लगबगीने पुढच्या चाकांची हवा बघायला गेले. दादाने डोक्यावरचं हेल्मेट काढलं, आत पाहिलं, पुन्हा घातलं.

“कधीपासून?” खुर्चीतून याने विचारलं.

“वर्कशॉपमधून आला तेव्हापासून.”

“म्हणजे पुलावरसुद्धा?”

“पुलावरसुद्धा.”

“आणि माझ्या पाठीत थाप मारलीस. डोळ्यांत पाणी आणलंस.”

“ते पाणी खरं होतं.”

“कसलं खरं? कोणासाठी? जावईबापूंची पाठ तिकडे होती, तिच्यात मारायची थाप!”

वर गॅलरीत एक बाई आली आणि मुलीला काखेत उचलून आत घेऊन गेली. मुलगी हात हलवतच आत गेली.

“घरी कोणाला माहीत आहे?”

“आता हे इथे, रस्त्यात…”

“हिला माहीत आहे?”

“तिला आधी विचारलं मी,” दादा म्हणाला. “तिच्या परवानगीशिवाय केलं नाही काही.”

“परवानगी! माझं स्टिअरिंग तोडायला माझ्या बायकोची परवानगी! तिने काय, हसत दिली का?”

“रडत दिली. म्हणाली, त्यांना सांगू नका, खुर्ची गेली तर ते जगायचे नाहीत. साहेब तुला उतरवायलाच निघाले होते. गिरणीच्या गेटाची भिंत पडल्यापासून त्यांच्या डोक्यात तेच होतं. मी म्हटलं, भाऊ उतरला तर मीही उतरतो. मग यातून हा मार्ग निघाला. खुर्ची तुझी तुला राहिली, बाकी काही बदललं नाही. दुसरं काय करायला हवं होतं मी? सांग ना, काय करायचं होतं?”

“गेटाची भिंत माझ्याने नाही पडली. तुला बोलायला उशीर झाला होता. तू स्वतः साहेबांना सांगितलंस. मी तुझी समजूत घातली होती दादा, चालायचंच, होतं असं म्हणून. आठवतं?”

“आठवतं.” दादा थांबला. “मला उशीर झाला नव्हता.”

भिंतीच्या विटा त्याला पुन्हा पडताना ऐकू आल्या, आणि त्यांच्या आधी, स्पष्ट, वेळेवर, दादाचा आवाज. खरंच आला होता का तो तेव्हा? की आता दादा म्हणतोय म्हणून येतोय? तेव्हा आपण काय बघत होतो? काहीतरी बघत होतो. गिरणीच्या पटांगणात एक कुत्री पिल्लांना पाजत होती. म्हणजे तेव्हाही दादा खोटं बोलला, आणि आपण मोठ्या मनाने त्याला माफ केलं, आणि त्याने ती माफी खाली मान घालून घेतली. भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं साहेब त्या दिवशी म्हणाले होते. ते दादाबद्दल बोलताहेत असं समजून हा त्यांच्यावर चिडला होता.

“मला सांगायचं होतंस,” तो म्हणाला. “कानफटात मारायची होती. साहेबांनी उतरवलं असतं तर उतरलो असतो. गेटावर वॉचमन झालो असतो. तू मला खेळणं दिलंस हातात, दादा. आणि रोज मला विचारत होतास, घेतलंस का म्हणून. रोज. काय वाटायचं रे तुला, मी घेतलं म्हणालो की?”

“बरं वाटायचं,” दादा म्हणाला. “तुझा आवाज आला की बरं वाटायचं. खोटं नाही सांगत. पण त्याच्या आधी, पेटी यायच्या आधी, गेटानंतरचे ते दिवस… तू मागे असलास की मला घाम फुटायचा. सारखा आरशात बघायचो. आरशात बघत मी दोनदा दुभाजकाला घासलो. तुला मी हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो?”

मागे पोलिसांच्या गाडीने हलकेच हॉर्न दिला. दादाने हात वर करून त्यांना थांबायला सांगितलं. रस्ता किती वेळ अडवणार, त्यालाही मर्यादा असते. यालाही ते कळत होतं. सांगण्यासारखं अजून पुष्कळ होतं, बायकोबद्दल, पुतणीबद्दल, ताटात वाढलेल्या त्या भाताबद्दल. आजपासून तो कितीही बोलला असता, घरात आदळआपट केली असती, महिनाभर कोणाशी शब्द बोलला नसता, तरी सगळ्यांनी खाली माना घालून ऐकून घेतलं असतं. त्यांना घ्यावंच लागलं असतं. हक्क त्याचा होता. आयुष्यात पहिल्यांदा दादा खाली उभा होता आणि तो वर होता.

“पण मला एक कळत नाही,” दादा म्हणाला. “जावई तर मी बोलायचो तसंच करायचे, तूही तेच करायचास. फरक कळायचा नाही, इतकं ते जमवलं होतं. मग तुला आज कळलं कसं?”

त्याने तोंड उघडलं. स्टिअरिंग हलकं लागलं, असं म्हणायचं होतं. किंवा जावईबापूंची कोपरं हलताना दिसली. दोन्हीत खोटं फारसं नव्हतं. दादाने मान डोलावली असती, पुन्हा एकदा माफी मागितली असती, आणि ती माफी याने जन्मभर पुरवून खाल्ली असती. आणि मग त्याच्या मनात आलं, की हे खोटं बोललो तर आपणही यांच्यातलेच. मग रागवायचं कोणावर?

“तू उजवं म्हणालास,” तो म्हणाला. “मी डावं घेतलं.”

“काय?”

“डावं घेतलं. अर्धा फेरा. वरती एक मुलगी हात करत होती. मीही केला.”

दादाने हळूच मान वर केली. पाहुण्याचं बूड आणि गॅलरीचे गज यांच्यामध्ये, आत्ताही, हात घालता येईल एवढीच फट होती. दादा त्या फटीकडे बघत राहिला. मग त्याने नजर खाली आणली. आता शिव्या येणार, असं याला वाटलं, आणि त्या त्याला मनापासून हव्याशा वाटल्या. दादाने वर चढून थोबाडीत मारली असती तर तो हातही त्याने धरला नसता. पण दादाच्या चेहऱ्यावर राग आलाच नाही. त्याचे खांदे खाली आले, कपाळावरच्या आठ्या सुटल्या, तोंडातून एक लांब श्वास बाहेर पडला. कितीतरी दिवसांनी चेहरा मोकळा झालेल्या माणसासारखा तो दिसायला लागला. दादा सुटला होता. आपण केलं ते बरोबर केलं की पाप केलं, हे कोडं इतके महिने त्याला खात असणार, आणि त्याचं उत्तर याने स्वतःच्या तोंडाने, न मागता, त्याच्या हातात ठेवलं होतं.

“बरं झालं,” दादा म्हणाला. “बरं झालं रे बाबा.” त्याने वर हात करून याच्या गुडघ्यावर थोपटलं. आजारी माणसाला थोपटतात तसं, हलक्या हाताने. “तू आता काही मनाला लावून घेऊ नकोस. आरामात बस. पाणीबिणी पी. तुला काही करायला नको.”

तो निघाला. जाताजाता त्याने जावईबापूंच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी सांगितलं. जावईबापूंनी दोनतीनदा मान हलवली, मागे पाहिलं नाही. दादाची पाठ पाहुण्याच्या पलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा तो जवळजवळ धावत होता.

याने वॉकीटॉकीचा आवाज पुन्हा मोठा केला. यंत्रातून नुसती खरखर येत होती. त्याने ते तोंडाजवळ धरलं, बटणावर अंगठा ठेवला. दादा ‘उजवं’ म्हणेल, आणि आपण काय म्हणायचं, हे त्याला ठरवायचं होतं. घेतलं म्हणायचं, की काहीच म्हणायचं नाही, की एखादी सणसणीत शिवी हासडायची. पुढे इंजिनाचा आवाज चढला. खुर्चीला नेहमीचा हिसका बसला. कोणी काही विचारलं नाही. ट्रेलर चालायला लागला, आणि खाली त्याच्या पायांजवळची चाकं शांतपणे उजवीकडे वळली.